मे महिन्यातली श्रीलंका: आधी चहाचे डोंगर, मग पूर्वेचा समुद्र

मे महिन्यात श्रीलंकेला चाललोय म्हटल्यावर ऑफिसात, सोसायटीत, सासरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळीकडे एकच ऐकलं, अगं तिथे तेव्हा पाऊस असतो. असतो ना, पण अर्ध्याच श्रीलंकेत! नैर्ऋत्य मोसमी वारे मेच्या उत्तरार्धात कोलंबो, बेंटोटा, गॉल या बाजूला येऊन थडकतात, मधे अडीच हजार मीटरपर्यंत गेलेले डोंगर ते ढग अडवून धरतात, आणि पलीकडे पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला चक्क कडक ऊन आणि शांत समुद्र. तिकडचा पाऊस हिवाळ्यात, ईशान्येकडून येतो. म्हणजे आपल्या सह्याद्रीचंच गणित, फक्त घाटाच्या पलीकडे माण-खटाव लागायच्या ऐवजी बीच लागतो. पण आपल्याकडचे टूरवाले बाराही महिने तेच पॅकेज विकतात, कँडी, नुवारा एलिया आणि बेंटोटा, आणि मग मे-जूनमध्ये बेंटोट्याच्या खवळलेल्या समुद्राकडे रूमच्या खिडकीतून बघत बसलेली मंडळी परत येऊन सांगतात की श्रीलंका काही खास नाही.

आम्ही म्हणून सगळं स्वतःच आखलं. मी, नवरा, सातवीत जाणारा लेक आणि आई-बाबा, म्हणजे माझे सासू-सासरे. आधी कँडी, मग चहाचे डोंगर, ट्रेनने एल्ला, आणि तिथून डोंगर उतरून थेट पूर्वेला त्रिंकोमाली आणि पिजन आयलंड. व्हॅन आणि ड्रायव्हर पूर्ण ट्रिपसाठी एकच ठरवलेला.

शनिवार: मुंबई – कटुनायके – कँडी

पुण्याहून निघून रात्री मुंबई एअरपोर्ट, मध्यरात्रीनंतरची फ्लाइट, अडीच तासांत कोलंबो. कोलंबो म्हणायचं पण विमानतळ कटुनायकेला आहे, शहराच्या बराच उत्तरेला, त्यामुळे कँडीला जायचं तर कोलंबोत शिरायची गरजच नाही. ईटीए, म्हणजे तिथे यायची परवानगी, ऑनलाइन काढलेली होती, इमिग्रेशनला फार वेळ गेला नाही. बाहेर आमचे ड्रायव्हर दादा पाटी घेऊन उभे, पहिल्याच मिनिटाला त्यांनी आईंना अम्मा म्हणायला सुरुवात केली आणि आई तिथेच खूश.

वाटेत नाश्त्याला थांबलो. इडियाप्पा (तांदळाच्या शेवयांच्या चकत्या), नारळाच्या दुधातली मसूर डाळ आणि पोल सांबोल, म्हणजे ओलं खोबरं, लाल मिरची, कांदा, लिंबू असं ठेचलेलं. आई पक्क्या शाकाहारी. मी वेटरला खोदून विचारलं यात मासे आहेत का, तो म्हणाला, नो फिश मॅडम, ओन्ली माल्दीव फिश! तर हे शाकाहारी लोकांनी लिहून ठेवा, सांबोलमध्ये, पालेभाजीत, कधीकधी साध्या बटाट्याच्या भाजीतही सुकवलेल्या माशाचा चुरा घालतात, त्याला उंबलकड म्हणतात, आणि तो त्यांच्या लेखी मासा नसतोच, मसाला असतो. तेव्हा फिश नको असं सांगून भागत नाही, उंबलकड नको असं नाव घेऊन सांगायचं. हे एक कळल्यावर पुढे आईंचे हाल झाले नाहीत, डाळ तर सगळीकडे अप्रतिम मिळते.

कँडीला पोचेपर्यंत दुपार आणि पोचल्या पोचल्या धो धो पाऊस. बाबा माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत, पण बघितलं मात्र. तासाभरात उघडलं. संध्याकाळी तळ्याभोवती चक्कर मारली. हे तळं कँडीच्या शेवटच्या राजाने, श्रीविक्रम राजसिंहाने १८०७ मध्ये बांधवलं. पुढे १८१५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला वेल्लोरच्या किल्ल्यात आणून ठेवलं, तिथेच तो १८३२ मध्ये वारला. बाबा इतिहासाचे मास्तर होते, त्यांना हे माहीत होतं, मला नव्हतं.

रविवार: कँडी

सकाळी पेरादेनियाचं बोटॅनिकल गार्डन. महावेली नदीने तीन बाजूंनी विळखा घातलेली जागा आहे. बागा बघायचा मला भयंकर कंटाळा, पण ही बाग वेगळी आहे. रॉयल पामच्या सरळसोट रांगा, हिरवळीवर एकट्याने पसरलेलं जावा अंजिराचं अवाढव्य झाड, आणि वर फांद्यांना लटकलेली हजारो वटवाघळं, दिवसाढवळ्या कलकलाट करत, लेकाला तेवढंच बघायचं होतं. दोन-अडीच तास सहज जातात.

संध्याकाळी दळदा मालिगाव, बुद्धाच्या दाताचं मंदिर. साडेसहाच्या पूजेला गेलो. एक सांगते, दात दिसत नाही. तो एकात एक बसवलेल्या स्तूपाच्या आकाराच्या करंडकांमध्ये असतो, पूजेच्या वेळी वरच्या मजल्यावरचं दार उघडतं आणि रांगेतून पुढे सरकताना काही सेकंद तो सोन्याचा करंडक लांबून दिसतो, एवढंच दर्शन. पण खालच्या चौकात ढोल सुरू होतात ना, उघड्या अंगाचे, पांढरं-लाल नेसलेले वादक, ढोल आणि ती सनईसारखी तारस्वरातली होरणेवा, तिथे मात्र अंगावर काटा येतो. सगळी माणसं पांढऱ्या कपड्यात, हातात निळी कमळं. १९९८ मध्ये इथे तमिळ वाघांनी ट्रकबॉम्ब उडवला होता, तेव्हापासून तपासणी कडक, गुडघे-खांदे झाकलेले लागतात, नवऱ्याला शॉर्ट्सवर लुंगी गुंडाळावी लागली, तो फोटो फॅमिली ग्रुपवर हिट.

येत्या गुरुवारी वैशाख पौर्णिमा, म्हणजे वेसाक, त्यांचा सगळ्यात मोठा सण. त्यामुळे रस्त्यारस्त्यांत मुलं बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद घेऊन कंदील करत बसलेली. आपला आकाशकंदीलच, खाली झिरमिळ्यांसकट! मे महिन्यात दिवाळीचं वातावरण बघून आईंना इतकं भरून आलं की त्यांनी एका दुकानातून विकतच घेतला, तो पुढे सगळ्या ट्रिपभर व्हॅनच्या मागच्या सीटवर बसून फिरला.

सोमवार: रंबोडा घाट, चहाची फॅक्टरी, नुवारा एलिया

कँडीहून नुवारा एलियाचा रस्ता वळणावळणाने वर चढत जातो आणि एका ठिकाणानंतर दोन्ही बाजूंना चहाच चहा. रंबोड्याला धबधबा, आणि थोडं वर चिन्मय मिशनने बांधलेलं हनुमानाचं देऊळ. इथे भारतीय बसेसची एवढी गर्दी होती की पार्किंगमध्ये दोन वेळा मराठी ऐकू आली, त्यातली एक भांडणाची.

चहाच्या फॅक्टरीत मात्र मी रमले. सगळ्यात वर लांबच लांब जाळीचे हौद, त्यात तोडलेली पानं पसरलेली आणि खालून पंख्याची हवा, रात्रभरात पानं मऊ पडतात. मग रोलरमध्ये चुरगळायची, मग हवेवर ठेवायची, तिथे हिरव्याचं तांबूस होतं, मग भट्टीत वाळवणं आणि शेवटी चाळण्या. त्या चुरगळण्याच्या मजल्यावरचा वास म्हणजे ताजं गवत आणि सफरचंद यांच्या मधलं काहीतरी, चहाचा वास अजून आलेलाच नसतो त्याला. तो येतो थेट भट्टीनंतर. शेवटी टेस्टिंगला ओळीने कप मांडलेले, एकातही दूध नाही. बाबांनी गाईड मुलीला विचारलं दूध-साखर घालायला कुठला चांगला, ती किंचित दुःखी होऊन म्हणाली, डस्ट (अगदी बारीक चुरा). म्हणजे आपल्या अमृततुल्यवाल्यांचं काही चुकत नाही.

गंमत म्हणजे चहा हा इथला आधीचा धंदाच नाही. आधी इंग्रजांनी सगळीकडे कॉफी लावली होती, १८६९ नंतर पानांवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत सगळ्या बागा बसल्या. त्याआधीच १८६७ मध्ये जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश माणसाने कँडीजवळ लूलकंदेरा इस्टेटीवर १९ एकरांत चहा लावून बघितला होता, मग सगळे तिकडे वळले. आणि तोडायला माणसं आणली तमिळनाडूतून. त्यांचे वंशज अजूनही तिथेच लाइनच्या खोल्यांत राहतात, १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर त्यांना नागरिकत्वच नाकारलं गेलं आणि तो घोळ निस्तरायला कित्येक दशकं लागली. फॅक्टरीच्या टूरमध्ये टेलरचा फोटो आहे, या चहा तोडणाऱ्या बायकांबद्दल एक वाक्य नाही. बाहेर मळ्यात एक बाई पाठीवर पिशवी घेऊन तोडत होत्या, दोन पानं आणि एक कळी, दोन पानं आणि एक कळी, बोटं दिसत नव्हती इतक्या वेगात, फोटोला उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. नवऱ्याने पैसे दिले. कोणी म्हणेल फोटोचे पैसे मागतात, मागू देत की.

नुवारा एलिया गावाबद्दल मला विशेष प्रेम नाही. १८६८ मीटरवर आहे, हवा गार, लाल विटांचं पोस्ट ऑफिस, गोल्फ कोर्स, रेसकोर्स, तळ्यात हंसाच्या बोटी, घोडे, मक्याची कणसं, म्हणजे मे महिन्यातलं महाबळेश्वर. हॉटेलात गाद्या दमट आणि गरम पाणी फक्त पहाटे, ती वेगळीच कथा. रात्री एक जादा ब्लँकेट मागितलं तर त्याचे पैसे बिलात लावले.

मंगळवार: हॉर्टन प्लेन्स

पहाटे पाचच्या आधी निघालो, मी, नवरा आणि लेक. आई-बाबा मागे राहिले, ते नंतर सीता एलियाच्या सीता अम्मन मंदिरात जाऊन आले. मंदिराशेजारून ओढा वाहतो, खडकावर हनुमानाची पावलं दाखवतात, हीच अशोकवाटिका म्हणे. बाबांचं म्हणणं, वाटिका कसली, केवढी थंडी तिथे, आईंचं म्हणणं, तुम्हाला काय कळतंय.

हॉर्टन प्लेन्स म्हणजे दोन हजार मीटरच्या वरचं पठार, नॅशनल पार्क आहे. परदेशी लोकांना तिकीट महाग पडतं. गेटवर बॅगा उघडून बिस्किटांच्या पुड्यांचं प्लास्टिक काढून घेतात, आणि खरंच काढून घेतात, नावाला नाही, बिस्किटं कागदात बांधून देतात. पार्किंगमध्येच सांबर उभं, एवढं मोठं की लेक व्हॅनमधून उतरेना. आत साधारण नऊ किलोमीटरची गोल वाट आहे, वर्ल्ड्स एंड नावाच्या कड्यावर जाऊन बेकर्स फॉल्सवरून परत. कडा एकदम साधारण ८७० मीटर तुटलेला. आम्ही पोचलो तेव्हा समोर फक्त पांढरं. कड्याच्या टोकाला चाळीसेक माणसं रांगेने उभी राहून काहीही न दिसणाऱ्या दिशेला बघतायत, असं दृश्य. मग वाऱ्याचा एक झोत आला आणि खालचा ढग फाटल्यासारखा झाला, खोल खाली चहाचे मळे, एक तळं, घरांची पत्र्याची छपरं, दोन मिनिटं असेल, सगळे ओरडले, आणि बंद! तेवढ्यात मोबाईल काढेपर्यंत गेलं ते गेलंच.

पण लेकाच्या मते ट्रिपचा हिरो वेगळाच. परतीच्या वाटेवर एका फांदीवर बोटाएवढा सरडा, हिरवट-तपकिरी, आणि नाकावर चक्क पांढरं शिंग. गेंड्यासारखं, जेमतेम सेंटिमीटरभर. हलत नव्हता, फक्त डोळा फिरवत होता. हा सरडा फक्त श्रीलंकेच्या या उंच डोंगरातच सापडतो, जगात दुसरीकडे कुठे नाही. आम्ही तिथे इतका वेळ उकिडवे बसलो की मागून येणाऱ्या लोकांना वाटलं कोणाला तरी चक्कर आलीय.

बुधवार: नानू ओया ते एल्ला, निळी ट्रेन

या ट्रेनचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, दारात लटकलेली मुलगी आणि मागे चहाचे मळे. रिझर्व्हेशन महिनाभर आधी उघडतं आणि काही मिनिटांत गायब होतं, मग तीच तिकिटं बाहेर तिप्पट-चौपट दराने फिरतात. आम्ही त्या फंदात पडलोच नाही, नुवारा एलियाजवळच्या नानू ओया स्टेशनवर जाऊन सेकंड क्लासचं अनरिझर्व्ह्ड तिकीट काढलं. ते नेहमी मिळतं, जागा मिळेलच असं नाही, पण आई-बाबांना बघून एका कॉलेजच्या ग्रुपने लगेच उठून जागा दिली. एसीचा फर्स्ट क्लास तर घेऊच नका, खिडक्या उघडत नाहीत, मग कशाला बसायचं त्या ट्रेनमध्ये. सामान व्हॅनमधून रस्त्याने पुढे गेलं.

नानू ओयाला ही लाइन १८८५ मध्ये पोचली आणि शेवटच्या बदुल्लापर्यंत जायला १९२४ उजाडलं. ब्रॉडगेज आहे, आपल्याच मापाचं, पण वेग सायकलचा. पट्टीपोला स्टेशन १८९८ मीटरवर, देशातलं सगळ्यात उंच. तिथपर्यंत बाहेर धुकं, बारीक पाऊस, लोक खिडक्या ओढून घेत होते. पट्टीपोल्यानंतर एक बोगदा येतो, आत अंधार आणि पोरांच्या शिट्ट्या, आणि बाहेर पडलो तर ऊन! म्हणजे अक्षरशः बोगद्याच्या या तोंडाला पाऊस आणि त्या तोंडाला निळं आकाश. मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, बरं बाई, मान्य. नैर्ऋत्येचा पाऊस त्या डोंगरांच्या कण्यापाशी संपतो आणि पलीकडे उवा प्रांत सुरू होतो, तो कोरडा. नकाशात बघून जे ठरवलं होतं ते डोळ्यासमोर असं फाडकन दिसलं की मला पुढची अर्धी ट्रिप आत्ताच वसूल झाल्यासारखी वाटली.

हापुतळेनंतर डावी-उजवी करत दोन्ही खिडक्यांतून खोल दऱ्या. वडेवाला डब्यात फिरतच असतो, डाळीचे वडे, आणि कोळंबी खोचलेले इस्सो वडे, सोबत वाळलेली मिरची तळलेली, वर्तमानपत्राच्या नाहीतर पोरांच्या जुन्या वहीच्या कागदात. आमच्या पुडीवर कोणाची तरी गणिताची उत्तरपत्रिका होती, सिंहलीत शेरा, लाल पेनाने. लेकाने मार्क वाचले, चाळीसपैकी अकरा, आणि ती पुडी जपून ठेवली, म्हणाला घरी दाखवायला.

एल्ला स्वतः आता कॅफे आणि स्मूदी बोलचं गाव झालंय. संध्याकाळी नाइन आर्च ब्रिजला गेलो, चहाच्या मळ्यातून उतरून. १९२१ चा पूल, दगड, वीट आणि सिमेंट, स्टील अजिबात नाही. पहिल्या महायुद्धामुळे लोखंड मिळेना म्हणून असा बांधला अशी गोष्ट सांगतात. ट्रेन येईपर्यंत रुळांवरच सगळी जत्रा, फोटो, ड्रोन, नारळपाणी. ट्रेन आली की लोक दोन बाजूंना होतात, गेली की परत रुळांवर. मला पुलापेक्षा पुढचं देमोदराचं स्टेशन आवडलं असतं बघायला, तिथे लाइन गोल वळसा घेऊन त्याच स्टेशनच्या खालच्या बोगद्यातून जाते, पण तोवर अंधार पडला.

गुरुवार: वेसाक, एल्ला ते त्रिंकोमाली

लांबचा पल्ला. एल्ला, बदुल्ला, महियंगणा, पोलोन्नरुवा, हबरणा, त्रिंकोमाली, दिवसभराचा रस्ता. मी या दिवसाला घाबरून होते, आणि सगळ्यात भारी दिवस तोच निघाला. वेसाकला लोक रस्त्यात मांडव टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट खायला घालतात, त्याला दंसल म्हणतात. आपल्याकडे वारीत असतं तसं, पण इथे गाडी थांबवतात! हातात बौद्ध झेंडा घेतलेली पोरं रस्त्यात उभी, बस असो की परदेशी लोकांची व्हॅन, थांबा, उतरा, खा. ड्रायव्हर दादा म्हणाले नाही म्हणायचं नसतं. पहिल्या दंसलला उकडलेलं रताळ्यासारखं काहीतरी, तो कसावा होता, वर मिरचीचं खोबरं. दुसऱ्याला बेलफुलांचा गरम काढा, गुळाच्या खड्याबरोबर, तो गूळ भेर्ली माडाचा, कोकणातल्या लोकांना हे झाड माहीत असेल. तिसऱ्याला आइस्क्रीम, आणि तिथे रांग अर्धा किलोमीटर. मग आम्ही मोजणं सोडलं. एका ठिकाणी कवठाचं सरबत, दाट, आंबट-गोड, आईंनी तीन ग्लास प्यायले आणि वाढणाऱ्या बाईंना मराठीत सांगितलं की आम्ही याची चटणी करतो, त्यांनी सिंहलीत काहीतरी उत्तर दिलं आणि दोघी बराच वेळ बोलल्या, कोणत्या भाषेत कोणास ठाऊक.

महियंगणाला स्तूपावर पाय ठेवायला जागा नव्हती. बुद्ध लंकेत पहिल्यांदा आले ते इथेच अशी श्रद्धा आहे, त्यात वेसाक. पांढऱ्या कपड्यांतली अख्खी गावं जमिनीवर बसलेली.

नवऱ्याची एक तक्रार नोंदवते, वेसाकच्या आसपास दारूची आणि मटणाची दुकानं बंद असतात, त्यामुळे त्याच्या बीचवरच्या बिअरच्या स्वप्नाचं जे व्हायचं ते झालं. बाबा पोलोन्नरुव्याजवळ इंडियन ऑइलचा पंप बघून चकित. हे पंप तिथे २००३ पासून आहेत. ड्रायव्हर दादांनी मग २०२२ च्या आर्थिक संकटाचं सांगितलं, पेट्रोलसाठी दोन-दोन दिवस रांगेत, गाडीतच झोपायचं, बायको डबा आणून द्यायची. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, गिअर बदलत.

हबरण्यानंतर रस्ता सरळ आणि जंगलातला, अंधार पडल्यावर हत्तींची भीती, त्यामुळे दादा एकदम गप्प आणि हळू. त्रिंकोच्या अलीकडे कंतळे गावात सगळीकडे कंदील लागलेले. त्रिंकोजवळच्या निलावेली बीचला पोचलो तेव्हा पौर्णिमेचा चंद्र चांगला वर आला होता आणि लेक कपड्यांसकट पाण्यात.

शुक्रवार: पिजन आयलंड

वेसाकच्या दुसऱ्या दिवशीही सुट्टी असते, त्यामुळे गर्दी. सकाळी सातलाच गेलो ते बरं झालं. निलावेलीच्या बीचवरून साधारण एक किलोमीटरवर हे छोटं बेट, बोटीने दहा-पंधरा मिनिटं. पारव्यांवरून नाव, ते खडकांत राहतात. इंग्रजांचं आरमार पूर्वी यावर तोफांचा नेमबाजीचा सराव करायचं, आणि २००३ पासून नॅशनल पार्क आहे. नेमबाजी ते नॅशनल पार्क, बरी प्रगती म्हणायची.

किनारा वाळूचा कमी आणि मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचा जास्त, पायाला टोचतो आणि चालताना काचेचे तुकडे हलवल्यासारखा किणकिण आवाज येतो. मास्क-स्नॉर्कल लावून गाईडबरोबर उतरलो. मला पोहता जेमतेम येतं, लाइफ जॅकेट घालून गाईडची रिंग धरली. पाण्यात तोंड घातल्यावर पहिली गोष्ट ऐकू येते, दिसत नाही, कुरूम कुरूम असा आवाज, सगळीकडून. पॅरटफिश, निळे-हिरवे-गुलाबी, चोचीने प्रवाळ खरवडून खात असतात, त्याचा. त्यांच्या पोटातून मग ते वाळू होऊन बाहेर पडतं. लेकाला हे कळल्यापासून तो किनाऱ्यावरच्या वाळूला एकच शब्द वापरतोय, तो इथे लिहीत नाही.

प्रवाळ बरंचसं करडं, मेलेलं आहे, खोटं कशाला सांगू. पाणी तापलं की ते पांढरं पडतं, आणि वर आमच्यासारखे लोक त्यावर पाय ठेवून उभे राहतात. आमच्या समोर एक काका मास्क नीट करायला आरामात प्रवाळावर उभे, गाईड ओरडला तरी हलेनात. पण मधेमधे जिवंत पट्टे आहेत, जांभळ्या टोकाचे, हरणाच्या शिंगांसारखे, आणि त्यात इतके मासे की कुठे बघावं कळत नाही.

मग बेटाच्या दुसऱ्या बाजूला गाईडने हात धरून खूण केली. कंबरभर पाण्यापेक्षा थोडं खोल, आणि समोरून शार्क, मीटरभराचा, फिकट राखाडी, पंखाच्या टोकाला काळ्या शाईत बुडवल्यासारखा ठिपका. ब्लॅकटिप रीफ शार्क. माणसांच्या वाटेला जात नाहीत हे मला पाठ होतं, तरी मी स्नॉर्कलमधून काय किंचाळले ते पाण्याखालीसुद्धा नवऱ्याला ऐकू गेलं म्हणे. तो शार्क आमच्याकडे बघायलाही न थांबता निघून गेला, मागून अजून दोन.

दहानंतर बोटीमागून बोटी यायला लागल्या, तोवर आम्ही परत. दुपार पूर्ण झाडाखाली, आई-बाबा खुर्च्यांवर, समोर सपाट हिरवं-निळं पाणी. नवऱ्याने कोलंबोचं हवामान बघितलं, जोरदार पाऊस. बाबांनी स्वतःहून तो स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला.

शनिवार: त्रिंकोमाली शहर

सकाळी कन्नियाची गरम पाण्याची कुंडं, सात चौकोनी विहिरी शेजारी शेजारी, आणि प्रत्येकीचं पाणी वेगळं गरम. बादलीने अंगावर घ्यायचं. रावणाने आईच्या उत्तरक्रियेसाठी ही काढली अशी कथा.

मग फोर्ट फ्रेडरिक. पोर्तुगीजांनी बांधला, मग डच, मग इंग्रज. आत आता लष्कर, आणि त्यांच्यामधून चितळं मोकळी फिरतात, दुकानाच्या पायरीवर बसलेली, गाडीच्या बॉनेटला अंग घासणारी. किल्ल्यातून वर चढत गेलं की स्वामी रॉकच्या टोकाला कोणेश्वरम्, शंकराचं देऊळ. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं, त्याचे दगड किल्ल्याला वापरले, काही समुद्रात गेले. १९५६ मध्ये आर्थर सी. क्लार्क, होय तेच विज्ञानकथावाले, आणि त्यांचे जोडीदार माइक विल्सन यांना इथे खाली डायव्हिंग करताना त्या देवळाचे अवशेष सापडले. आत्ताचं देऊळ नंतरचं. कड्याला एक उभी चीर आहे, रावणाने तलवारीने मारलेली म्हणतात, आणि तिथल्या झाडाला मूल व्हावं म्हणून बांधलेले छोटे छोटे लाकडी पाळणे, वाऱ्यावर हलणारे. खाली सरळ समुद्र. बाबा तिथे बराच वेळ बसले, नंतर म्हणाले इतक्या वेळा पाडापाडी झाली, शिवाय १९८३ ते २००९ युद्ध, त्सुनामी, तरी प्रसादाचा नारळ फोडायला रांग आहेच.

रात्री बीचजवळच्या टपरीवर कोत्तू रोटी. गरम तव्यावर दोन पात्यांनी रोटी, भाजी, अंडं असं खटाखट चिरत परततात, तो आवाज चौकाबाहेरून ऐकू येतो. आईंसाठी वेगळ्या तव्यावर, उंबलकड नको, अंडं नको. इथल्या तमिळ हॉटेलांत इडली-डोसा पण मस्त मिळतो.

रविवार: परत

त्रिंकोहून कटुनायके सहा-सात तास. हबरण्याच्या अलीकडे भर सकाळी रस्त्याच्या कडेला एक टस्कर उभा होता, दादांनी इंजिन चालू ठेवून लांबच थांबवली गाडी, तो कंटाळून आत गेल्यावर निघालो. कुरुनेगलानंतर आभाळ भरून आलं, एअरपोर्टला पोचेपर्यंत मुसळधार.

कोणी जाणार असेल तर थोडं व्यवहाराचं. आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण साडेतीन मिळतात, त्यामुळे बिल बघून दचकायचं नाही. रोख जवळ ठेवा, टपऱ्यांवर कार्ड चालत नाही. मे ते सप्टेंबर त्रिंको, डिसेंबर ते मार्च बेंटोटा-मिरिसा, एजंट काहीही म्हणू दे. नुवारा एलियाला एकच रात्र ठेवा, ती पण हॉर्टन प्लेन्ससाठी, आणि वाचलेली रात्र निलावेलीला द्या, त्या बाजूला याच दिवसांत निळे देवमासे पण दिसतात. आणि चहा एअरपोर्टवर घेऊ नका, वाटेतल्या कुठल्याही सुपरमार्केटात तोच निम्म्या किमतीत मिळतो, पाकिटावर बीओपीएफ (बारीक चुऱ्याची प्रत) लिहिलंय ना बघा, आपल्या दुधाच्या चहाला तो चांगला कडक उतरतो.